बैठक, मोर्चा आणि बंद दाराची खोली

लेक मार खाऊन किंवा हाकलून दिल्यावर माहेरी आली, की आठ-पंधरा दिवस वाट पाहायची आणि मग बैठक बसवायची, असा खानदेशात जुना शिरस्ता होता. दोन्हीकडची वडीलधारी माणसे, मुलीचा मामा, लग्न जमवताना मध्यस्थ असलेला कोणी, गावचा पोलीस पाटील किंवा माजी सरपंच. ओसरीवर सतरंजी अंथरली जायची. आधी पाऊसपाण्याच्या, कपाशीच्या भावाच्या गप्पा, मग हळूच मूळ विषय. आवाज चढायचे, कोणीतरी उठून जायला निघायचा, त्याला हाताला धरून बसवले जायचे. शेवटी जावयाला ‘समज’ दिली जायची, मुलीला ‘सांभाळून घे’ म्हटले जायचे आणि लेक नांदायला परत जायची. ती स्वतः या सगळ्या वेळात बहुधा आत चुलीपाशी, बैठकीला आलेल्यांचा चहा करत असायची. तिला काही विचारले गेलेच, तर ते सगळ्यांसमोर, डोक्यावर पदर असताना आणि ज्याने मारले तो समोर बसलेला असताना.

या बैठकीला नावे ठेवणे सोपे आहे. तिने अनेक संसार सावरले, हेही खरे. काही सासऱ्यांना आणि दिरांना तिचाच काय तो धाक होता. पण तिच्यापुढचा प्रश्न ठरलेला असे: बाई परत कधी जाणार? बाईला काय हवे आहे, हा प्रश्न तिथे निघतच नव्हता. तो प्रश्न विचारणारी जागा जळगाव-धुळ्यात कशी तयार झाली, कोणी केली आणि ती आज कितपत टिकून आहे, एवढ्याचसाठी ही प्रस्तावना. कागदावर त्या जागेला समुपदेशन केंद्र, सहाय्य कक्ष, सखी केंद्र अशी नावे आहेत. बायका तिला ‘मॅडमचं ऑफिस’ म्हणतात.

हा इतिहास नेहमी मुंबईपासून खाली सांगितला जातो. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ साली मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, तो पुढे शासनाने जिल्ह्याजिल्ह्यांत नेला आणि असे करत तो आपल्याकडे पोचला, अशी ही मांडणी. घटनाक्रम म्हणून तीत चूक नाही. पण त्यामुळे खानदेश म्हणजे कुणीतरी काहीतरी आणून दिलेला प्रदेश ठरतो. माझे म्हणणे वेगळे आहे. संकटातल्या बाईचे ऐकून घ्यायचे, तिच्यावर विश्वास ठेवायचा आणि मारणाऱ्याला जाब विचारायचा, ही रीत याच मातीत मुंबईच्या कक्षाआधी दहा-अकरा वर्षे पाळली गेली होती. तिला कोणी समुपदेशन म्हटले नाही, एवढेच.

त्यासाठी शहाद्याला जावे लागते. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी वेगळा झाला. त्याआधी शहादा, तळोदा, अक्राणी, अक्कलकुवा हे सगळे धुळे जिल्ह्यातच होते, म्हणून धुळ्याचा इतिहास त्यांना वगळून सांगताच येत नाही. १९७० च्या सुमारास शहाद्याच्या सपाटीवरचे बहुतेक भिल्ल सालदार तरी होते किंवा मजूर तरी. जमिनी हातच्या गेलेल्या, सावकाराचे कर्ज डोक्यावर. अंबरसिंग महाराज सुरतवंती या भिल्ल कार्यकर्त्याने या माणसांना एकत्र करायला सुरुवात केली होती. ३० जानेवारी १९७२ रोजी शहाद्यात भूमिमुक्ती परिषद भरली आणि त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली. कुमार शिराळकरांसारखी शिकलेली तरुण मुले शहरे सोडून येऊन मिळाली, तर वाहरू सोनवणे यांच्यासारखे कार्यकर्ते तिथल्याच भिल्ल समाजातून पुढे आले. मागण्या होत्या जमिनीच्या, मजुरीच्या आणि दुष्काळात कामाच्या.

बायकांच्या प्रश्नासाठी कोणी संघटना काढली नव्हती. पण मोर्च्यात, घोषणांत, रोजगार हमीच्या कामावर बायकाच पुढे असत. १९७३ मध्ये त्यांचे शिबिर झाले. तिथे मजुरीचा विषय निघाला तसा घरच्या माराचाही निघाला. नवरा पिऊन येतो आणि मारतो, हे एकीने सांगितल्यावर दुसरीने सांगितले, मग तिसरीने. पुढे जे झाले ते जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी शहाद्याच्या चळवळीवर १९७६ साली लिहिलेल्या निबंधामुळे देशाबाहेरही पोचले. बायका गटाने दारूच्या गुत्त्यांवर गेल्या आणि त्यांनी मडकी फोडली. बायकोला मारणाऱ्याच्या दारात जाऊन त्याला चारचौघांत माफी मागायला लावली. हे लोण गावोगावी पसरले. याच परंपरेतून १९८२ साली श्रमिक स्त्री मुक्ती संघटना स्थापन झाली.

शिबिरात त्या बायकांनी काय केले, याकडे मी इथे मुद्दाम थोडे थांबून पाहतो. एकीचे ऐकताना दुसरीने ‘तू काय केलं होतंस?’ असे विचारले नाही. कोणी ‘मुलांकडे बघून सोसून घे’ म्हटले नाही. ऐकणारीने स्वतःचेही सांगितले आणि त्यामुळे सांगणारीची लाज निम्मी झाली. आज समाजकार्याच्या वर्गात हेच विद्यार्थ्यांना महिनोन्‌महिने शिकवावे लागते आणि तरी सगळ्यांना जमत नाही. शहाद्याच्या मजूर बायकांना ते जमले, कारण त्यांच्यात एक मॅडम आणि बाकीच्या ‘केसेस’ अशी विभागणी नव्हती.

पण त्या रीतीला मर्यादाही होत्या आणि त्या झाकून ठेवण्यात अर्थ नाही. मोर्चा निघून गेल्यावर रात्री बाई त्याच झोपडीत, त्याच माणसापाशी असे. मोर्चा रोज येऊ शकत नव्हता. आणि मोर्चा येऊ शकतो तो मजुराच्या दारात. जळगावच्या सराफ बाजारातल्या एखाद्या घरच्या सुनेचा छळ होत असेल, तर तिच्या दारावर कोण जाणार आणि गेलेले तिला चालणार का? मध्यमवर्गीय, व्यापारी, बागायतदार घरांत छळाइतकीच भीती बभ्र्याची. या बाईला बंद दाराची खोली हवी होती, आणि ती यायला आणखी बरीच वर्षे लागली.

मधल्या काळात महाराष्ट्रात बरेच घडले. ते थोडक्यात सांगतो. मथुरा या आदिवासी मुलीवर देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ साली झालेल्या बलात्काराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना निर्दोष ठरवले. त्याविरुद्ध १९७९ मध्ये चार कायदेतज्ज्ञांनी खुले पत्र लिहिले. त्या चौघांतल्या वसुधा धागमवार यांनी पुढे अक्राणीच्या आदिवासींच्या हक्कांसाठी काम केले, म्हणजे हाही धागा शेवटी आपल्याच सातपुड्यात येतो. १९८२ साली पुण्यात मंजुश्री सारडा यांचा मृत्यू झाला. त्यानंतर विद्या बाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या नारी समता मंचाने ‘मी एक मंजुश्री’ हे प्रदर्शन मांडले, आणि बायकांनी येऊन मोकळे व्हावे म्हणून केंद्रही सुरू केले. त्याचे नाव ‘बोलते व्हा’. १९८३ च्या अखेरीस दंड संहितेत कलम ४९८-अ आले. खानदेशात ‘चारशे अठ्ठ्याण्णव’ हा आकडा तेव्हापासून बोलीभाषेत रुळला, धमकी म्हणून आणि आशा म्हणूनही. १९८८ मध्ये संगमनेरला निशा शिवूरकर आणि समता आंदोलनाने परित्यक्तांची परिषद घेतली. टाकलेल्या बायकांना स्वतःची शिधापत्रिकासुद्धा मिळत नाही, हे त्यामुळे सरकारला ऐकावे लागले.

मुंबईचा तो विशेष कक्ष यातलाच. त्याची कल्पना साधी होती, पण धाडसी होती. बाई शेवटी पोलिसांकडेच येते, तर पोलिसांच्याच आवारात, पण पोलिसांच्या हुकमाखाली नसलेली, समाजकार्याचे शिक्षण घेतलेली माणसे बसवायची. ठाणे अंमलदाराने ‘घरगुती मामला आहे’ म्हणून अदखलपात्र नोंद करून परत पाठवलेली बाई जिना चढून त्यांच्याकडे जाऊ शकेल, एवढी सोय. ते समाजाशी, पोलिसांशी, वकिलाशी, नवऱ्याशी तिच्या बाजूने बोलतील. मी ‘तिच्या बाजूने’ असे मुद्दाम म्हटले. कक्ष तटस्थ नव्हता, तसा त्याचा दावाही नव्हता.

आणि मग १९९४. या सालाचा उल्लेख जळगावात आजही आवाज खाली घेऊन होतो. जून महिन्यात महाराष्ट्र सरकारने देशातले पहिले महिला धोरण जाहीर केले. त्याच उन्हाळ्या-पावसाळ्याच्या सांध्यावर जळगावचे वासनाकांड उजेडात आले. मुलींना आणि बायकांना जाळ्यात ओढून, त्यांची छायाचित्रे काढून, त्यांच्या आधारे धमकावत त्यांचे शोषण चालले होते आणि त्यात प्रतिष्ठितांची नावे घेतली जात होती. अरविंद इनामदारांसारखे ज्येष्ठ पोलीस अधिकारी आणि मीरा बोरवणकर तपासाला आल्या, विशेष न्यायालय बसले. पीडितांच्या संख्येबद्दल वर्तमानपत्रांत शेकड्यांचे आकडे फिरत होते. प्रत्यक्षात तक्रार द्यायला पुढे आलेल्या मोजक्याच होत्या, आणि खटल्यांतले बरेच आरोपी पुढे सुटले.

तक्रारी इतक्या कमी का आल्या, याचे उत्तर न्यायालयाच्या कागदपत्रांत सापडणार नाही. तक्रार द्यायची म्हणजे पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढायच्या, आणि त्या पायऱ्यांसमोर गर्दी उभी. राज्य महिला आयोग १९९३ मध्येच स्थापन झाला होता, पण तो मुंबईत. जळगावात त्या मुलीला रात्री झोप लागते का, आई-वडील तिच्याशी काय बोलतात, घाईघाईने उरकलेल्या लग्नानंतर तिचे काय झाले, हे विचारायला नेमलेले माणूस नव्हते. तिच्याशी जे कोणी बोलत होते, त्या सगळ्यांना तिच्याकडून काहीतरी हवे होते: पोलिसांना जबाब, वकिलाला साक्ष, पत्रकाराला बातमी, पुढाऱ्याला प्रतिस्पर्ध्याचे नाव. जळगावची मुलगी म्हटल्यावर स्थळे बिचकत, असे त्या काळाबद्दल अनेक घरांत सांगितले जाते. म्हणजे जिचा या प्रकरणाशी संबंध नव्हता तीही भरडली गेली. जिल्ह्याच्या ठिकाणी प्रशिक्षित समुपदेशक असणे ही चैन नाही, हे जळगावने सगळ्यात महाग किंमत मोजून शिकवले. शिकणाऱ्यांनी ते किती मनावर घेतले, हा पुढचा भाग.

कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा २००५ साली झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. त्यापाठोपाठ संरक्षण अधिकारी आले. सुरुवातीला ते काम इतर खात्यांच्या अधिकाऱ्यांकडेच जादा कार्यभार म्हणून होते. विशेष कक्ष जिल्ह्यांत पोचले. जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण विभागाच्या मदतीने स्वयंसेवी संस्था तालुक्यांत समुपदेशन केंद्रे चालवू लागल्या. जळगाव आणि अमळनेरच्या समाजकार्य महाविद्यालयांतून शिकून बाहेर पडलेल्या मुली या खुर्च्यांवर बसू लागल्या. त्यांतल्या कितीतरी जणींच्या घरी, आपली लेक नेमके काय काम करते, हे पाहुण्यांना सांगताना पंचाईत व्हायची.

या कायद्याच्या नियमांतला चौदावा नियम फार थोडे लोक वाचतात. समुपदेशनात प्रतिवादीला आपल्या हिंसेचे समर्थन मांडता येणार नाही, आणि ही गोष्ट बोलणे सुरू होण्याआधीच त्याला सांगितली पाहिजे, असे त्यात आहे. ‘ती उलट बोलली म्हणून हात उचलला’ हे वाक्यच त्या खोलीत चालणार नाही. ओसरीवरच्या बैठकीचा सगळा डोलारा याच वाक्यावर उभा असे. हा एक नियम नीट पाळला, तर समुपदेशन आणि तडजोड यांतला फरक कोणाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

पाळला जातो का? अशा एखाद्या खोलीत डोकावा. पंचायत समितीच्या किंवा पोलीस ठाण्याच्या आवारातली मागची खोली, एक लोखंडी कपाट, एक टेबल, प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर हेल्पलाइनचे पोस्टर. आठवडी बाजाराच्या दिवशी घराबाहेर पडायला वेगळे कारण लागत नाही, म्हणून त्या दिवशी येणे बाईला सोपे. ती एकटी आलेली नसते. आई, भाऊ, चुलता, कडेवर पोर. सगळे एकदम बोलतात, ती सोडून. समुपदेशकाचे पहिले काम या सगळ्यांना बाहेर बसवण्याचे. भाऊ रागावतो, ‘आम्ही काय परके आहोत का?’ म्हणतो. त्याची समजूत काढून, दार लोटून, मग अहिराणीत ‘काय व्हयनं वं माय?’ असे विचारले, की बऱ्याच वेळा बाई आधी बोलत नाही, रडते. त्या वेळी घड्याळाकडे न पाहणे हेच काम असते. शिरपूरच्या वरच्या पाड्यांवरून आलेल्या पावरा बाईला मराठीसुद्धा परकी, धुळ्याच्या यंत्रमाग वस्तीतल्या बाईशी हिंदी-उर्दूत बोलावे लागते. भाषा बदलली की दुःखाचा तपशीलही बदलतो. आदिवासी घरात हुंडा नसतो, तिथे मुलाकडून आलेले देज परत करण्याचा हिशेब आडवा येतो. तो न समजणाऱ्या समुपदेशकाने शहरी पुस्तकातले प्रश्न विचारले, तर हाती काही लागत नाही.

खानदेशाची आणखी एक खास अडचण म्हणजे सुरत. तापी खोऱ्यातल्या रेल्वेने इथली माणसे दोन-तीन पिढ्या तिकडे कामाला जात आहेत, सोयरिकी तिकडच्याच. सासर उधना-लिंबायतला, माहेर अमळनेर-नंदुरबारला. मारहाण गुजरातेत झाली, तक्रार तिथेच द्या, असे सांगून इथल्या ठाण्यांनी किती बायकांना परत पाठवले असेल, याची गणती नाही. हिंसाचाराच्या कायद्यात कलम २७ मुळे माहेरच्या न्यायालयात जाण्याची वाट होतीच. ४९८-अ च्या बाबतीत मात्र सर्वोच्च न्यायालयाने ९ एप्रिल २०१९ रोजी रूपाली देवी प्रकरणात स्पष्ट केले, की सासरहून हाकललेली बाई जिथे आसऱ्याला आली तिथेही तक्रार देऊ शकते. (१ जुलै २०२४ पासून ते कलम भारतीय न्याय संहितेत ८५ म्हणून आहे.) हा निकाल सुरत-खानदेशच्या बायकांइतका फार थोड्यांच्या उपयोगाचा असेल.

संकटात सापडलेल्या माणसाशी वेळेवर बोलले तर पुढचा बिघाड टळतो, हा विचार जगात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शास्त्र म्हणून मांडला गेला. बॉस्टनमध्ये १९४२ साली एका नाइट क्लबला आग लागून ४९२ माणसे गेली. वाचलेल्यांच्या आणि मागे राहिलेल्यांच्या शोकावर डॉ. एरिक लिंडेमन यांनी अभ्यास केला, त्यातून ही शाखा वाढली. आपल्याकडेही तिची सर्वांत जास्त गरज जळालेल्यांपाशीच होती. स्टोव्हचा भडका उडाला, असा जबाब देणाऱ्या बायका सरकारी रुग्णालयाच्या जळीत कक्षात वर्षानुवर्षे येत राहिल्या. पण जबाब घेणारा यायचा, बाजूला बसणारे कोणी नसायचे. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि सेहत या संस्थेने ‘दिलासा’ केंद्र सुरू केले, तेव्हा कुठे रुग्णालय हीसुद्धा मदतीची जागा आहे हे मान्य झाले. निर्भया प्रकरणानंतर, १ एप्रिल २०१५ पासून, केंद्र सरकारची सखी वन स्टॉप सेंटरची योजना आली: उपचार, पोलीस, वकील, समुपदेशन आणि पाच दिवसांपर्यंतचा निवारा एका छताखाली. जळगाव आणि धुळ्यातही ती पोचली. कागदावरची ही आजवरची सर्वांत पूर्ण रचना आहे.

आता तक्रार. केंद्राचा मासिक अहवाल वरच्या कार्यालयात जातो, त्यात ‘समेट’चा रकाना असतो. तो आकडा मोठा असला की केंद्र चांगले, अशी समजूत वर्षानुवर्षे मुरली आहे. त्यामुळे ओसरीवरची जुनी बैठक मागच्या दाराने परत आत आली. मुद्रांकावर ‘यापुढे त्रास देणार नाही’ असे लिहून घेतले, फोटो काढला, प्रकरण निकाली. सहा महिन्यांनी तीच बाई परत आली तर ती नवीन प्रकरण म्हणून मोजली जाते. बाई वेगळी राहिली, कामाला लागली, मुले शाळेत गेली, तर ते यश टिपायला रकाना नाही. हे काम करणाऱ्या बहुतेक जणी कंत्राटी. त्यांचे मानधन महिनोन्‌महिने अडकते आणि दर वर्षी नियुक्तीची मुदत संपताना, त्यांच्यासमोर बसलेल्या बाईइतकाच त्यांच्या स्वतःच्या उद्याचाही भरवसा नसतो. शहाद्याच्या शिबिरात जे होते आणि या खोल्यांत जे हरवत चालले आहे, ते हे: दुसरी बाई. एकटी समुपदेशक आणि एकटी बाई यांच्यामध्ये टेबल असते. एकाच त्रासातून गेलेल्या चार जणींना एकत्र बसवणारे केंद्र आज शोधावे लागते, आणि त्याला खर्चही फार येत नाही.

हा इतिहास अजून नीट लिहिला गेलेला नाही, याचे कारण त्याची साधने विखुरलेली आहेत. १९७३ च्या शिबिरातल्या बायका आता थकल्या आहेत, काही गेल्या. ऐंशीच्या दशकातली पत्रके कुणाच्या तरी माळ्यावर आहेत. जुन्या केंद्रांच्या नोंदवह्या कार्यालय बदलताना रद्दीत जातात. ज्यांच्याकडे अशी पत्रके, छायाचित्रे, वह्या असतील त्यांनी बायकांची नावे आणि गावे काळजीपूर्वक झाकून त्यांच्या प्रती कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या किंवा आपल्या गावच्या वाचनालयाच्या स्वाधीन कराव्यात. निवृत्त समुपदेशकांनी आठवेल तसे, आठवेल त्या बोलीत लिहून काढावे. लिहिता येत नसेल तर नातीला सांगावे, तिने फोनवर ध्वनिमुद्रण करून ठेवावे. आणि हे वाचणाऱ्यांपैकी कोणी आज स्वतःच अडचणीत असेल, तर १८१ ही महिला हेल्पलाइन, मुलांसाठी १०९८ आणि मनावर ताण असल्यास टेली-मानसचा १४४१६ हे क्रमांक कोणत्याही फोनवरून लागतात.